होडीसाठी लाकूड घेताना

पहिली होडी 12-14 फुटांची असेल तर सगळी सागाची करायचा हट्ट नको. साग फळ्यांना ठेवा. बरगड्यांना, म्हणजे फळ्यांना आतून आधार देणाऱ्या बाकदार लाकडांना, बाभूळ बघा, तीही मुळातच वाकडी वाढलेली. सरळ फळीतून बाक कापलात तर लाकडाच्या लांबीतल्या रेषा आडव्या तुटतात आणि बरगडी नेमकी तिथेच मोडते.

वखारीत फळीचं टोक आधी बघा. वर्षवलयं फळीच्या रुंद बाजूला जवळपास काटकोनात उभी असतील तर ती फळी कमी वाकते. सालीलगतचा पिवळट-पांढरा भाग अजिबात घेऊ नका, सागाचा असला तरी. कीड आणि कूज तिथूनच सुरू होते. वखारवाला "तेल लावलं की चालतं" म्हणेल, म्हणू दे.

हिशेब घनफुटात होतो. 10 फूट लांब, 8 इंच रुंद, 1 इंच जाड फळी म्हणजे साधारण 0.56 घनफूट. रंधा मारल्यावर इंचाची पाऊणच उरते. गाठी, तडे धरून तीसेक टक्के जास्त घ्या.

ओली फळी सावलीत, मध्ये पट्ट्या घालून रचा, टोकांना रंग फासा. इंच जाडी वाळायला वर्षभर लागतं. सागाला इपॉक्सी (सांधे चिकटवायचा गोंद) लावायच्या जरा आधी ॲसिटोनने पुसा, नाहीतर अंगच्या तेलामुळे सांधा सुटतो. आणि पक्कं बिल मागाच.