कल्पनेतली सुटका आणि वास्तववाद

प्रश्न : अँब्रोज बिअर्सच्या ‘ॲन ऑकरन्स ॲट आउल क्रीक ब्रिज’ (1890) या कथेचा मोठा भाग नायकाची कल्पनाच आहे. मग ती वास्तववादी कशी?

उत्तर : अमेरिकेतल्या यादवी युद्धात पुलावर फाशी दिला जाणारा नायक दोर तुटून निसटल्याचं आपण वाचत जातो, आणि शेवटी कळतं की तो फासावरच मेलेला आहे. हा धक्का शेवटी बसतो, पण कथेचा कणा दुसऱ्या भागात आहे. पेटन फारकर हा अलाबामातला सधन, गुलाम बाळगणारा मळेवाला. सैन्यात गेलेला नाही, तरी पराक्रमाची स्वप्नं पाहणारा. पाणी मागायला आलेला करड्या गणवेशातला, म्हणजे दक्षिणेच्या सैन्यातला वाटणारा स्वार त्याला पूल सहज पेटेल अशी बातमी देतो, आणि फारकर त्या मोहात सापडतो. तो स्वार असतो शत्रूचा, म्हणजे उत्तरेच्या सैन्याचा हेर. शौर्याच्या या भाबड्या कल्पनेनंच फारकरला फासापर्यंत आणलं, हे बिअर्स कुठेही बोलून दाखवत नाही. बिअर्स स्वतः उत्तरेच्या सैन्यात लढलेला, म्हणून पहिल्या भागात दोर, फळ्या, सार्जंटची जागा सगळं अहवालासारखं कोरडं येतं.

तिसरा भाग पेन्सिल घेऊन पुन्हा वाचा. पाण्यातून वर आलेल्या फारकरला काठावरच्या झाडांचं पानन् पान, त्याच्या शिरा, वरचे किडेसुद्धा दिसतात. इतकं माणसाला दिसत नाही! पुढे मान ठणकते, जीभ सुजते, पायांखालचा रस्ता जाणवेनासा होतो. ही फासाचीच लक्षणं. बहुतेक वाचक इथेच घाईनं पुढे सरकतात, म्हणून त्यांना शेवट फसवणूक वाटतो. खरं तर स्वप्न रंगत असताना शरीर सत्य सांगत असतं. मला ही कथा वास्तववादी वाटते ती याचमुळे.