मुलांनी स्वतः शोधून शिकायचं, तर पोर्शन कधी संपवायचा?

तुमचा प्रश्न असा: सहावी-सातवीला विज्ञान शिकवायला नुकतीच सुरुवात केलीत, प्रशिक्षणात ‘सांगू नका, मुलांना शोधू द्या’ असं ऐकलंत, तसं करून पाहिलंत आणि वर्गाचा बाजार झाला. हे खरंच चालतं का, आणि चालत असेल तर पोर्शन कधी संपवायचा?

मी सातारा जिल्ह्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवतो. माझाही पहिला प्रयोग असाच फसला होता. सेल, बल्ब आणि वायर मुलांपुढे ठेवली आणि म्हणालो, ‘पेटवून दाखवा.’ मुलं चाळीस, सेल सहा. दोन दांडगट पोरांनी निम्मं सामान बळकावलं, एकाने सेलची दोन्ही टोकं थेट जोडून तो तापवला, मागच्या बाकांवर भेंड्या सुरू झाल्या. शेवटच्या पाच मिनिटांत मी फळ्यावर आकृती काढली आणि सगळ्यांनी निमूट उतरवून घेतली. त्या दिवशी मुलांनी शोधलं एवढंच, की सर शेवटी सांगतातच.

चूक मुलांची नव्हती. त्यांच्याकडे सामान होतं, पण छळणारा प्रश्न नव्हता. तो कसा असतो, हे मला सावलीच्या पाठात कळलं.

संक्रांतीनंतरच्या आठवड्यात सहावीला विचारलं, ‘काठीची सावली सगळ्यात लहान किती वाजता असेल?’ वर्ग एका सुरात म्हणाला, बारा वाजता. बाराच्या ठोक्याला सूर्य डोक्यावर, हे आजीपासून सगळे सांगत आलेले. मी प्रत्येकाला वहीत अंदाज लिहायला लावला. तेवढं केलं की मूल त्यात अडकतं. मग मैदानात पाच गटांसाठी पाच काठ्या रोवल्या, प्रत्येक एक मीटर उंचीची. साडेअकरापासून दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडा ठेवायचा आणि लांबी मोजायची.

बाराला सावली ८२ सेंटीमीटरच्या आसपास आली. पुढच्या वेळी ती आणखी लहान. साडेबाराला आणखी. पोरं चक्रावली. पहिला संशय माझ्या घड्याळावर, मग मोबाइलवर. मग एकजण म्हणाला, काठी वाकडी आहे. त्याचे वडील गवंडी. दुसऱ्या दिवशी तो घरून ओळंबा घेऊन आला आणि त्याने पाचही काठ्या सरळ करून घेतल्या. हे मी सुचवलं नव्हतं, मला सुचलंही नसतं. पुन्हा मोजलं, तरी तेच. सावली ७८ सेंटीमीटरपर्यंत आली आणि पावणेएकच्या सुमाराला परत वाढायला लागली.

इथे नवीन अडचण. एका गटाची वेळ १२:४०, दुसऱ्याची १२:५०, आणि भांडण. सावली सगळ्यात लहान असते तेव्हा वीस मिनिटांत ती जेमतेम दोन-तीन मिलिमीटर बदलते. खड्याने ते कसं कळणार? यावरची युक्ती मुलं स्वतः शोधतील म्हणून मी वर्षभर थांबलो असतो, तरी ती निघाली नसती. मी सरळ सांगितली: काठीभोवती दोरीने वर्तुळ काढा. सकाळी सावलीचं टोक वर्तुळाला कुठे आणि किती वाजता टेकतं ते लिहा, दुपारी परत टेकेल तेव्हाही लिहा, आणि दोन वेळांचा मध्य काढा. दिशा काढायची ही रीत कात्यायनाच्या शुल्बसूत्रात, म्हणजे यज्ञवेदी आखण्याच्या प्राचीन ग्रंथात आहे. मध्य आला १२:४५. त्या दोन खुणांना जोडणाऱ्या रेषेने पूर्व-पश्चिम फुकटात मिळाली आणि शाळेची इमारत तिरकी बांधली आहे हेही उघडकीला आलं.

मग एका मुलीने नागपूरच्या मावशीला फोन करून गच्चीवर काठी उभी करायला लावली. तिथे सावली १२:२५ च्या सुमाराला सगळ्यात लहान. आपल्या आधी वीस मिनिटं! आता वर्ग खरोखर माझ्या तोंडाकडे बघत होता, आणि मी सांगितलं. भारताचं घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर लावलेलं आहे, ती रेषा मिर्झापूरजवळून जाते, आणि पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात. हे कुठलं मूल काठीवरून शोधणार? तो माणसांनी केलेला ठराव आहे, सांगावाच लागतो. फक्त तो पहिल्या दिवशी सांगितला असता, तर भूगोलाच्या पुस्तकातली एक ओळ झाला असता. आता नकाशा काढून पोरांनीच गुणाकार केला: सातारा ७४ अंशावर, साडेआठ अंशांचा फरक, ३४ मिनिटं. म्हणजे १२:३४ यायला हवे होते. मग उरलेली अकरा मिनिटं कुठली?

ती मी मुद्दाम सोडवली नाहीत. नोव्हेंबरच्या सुरुवातीला, तोवर सातवीत गेलेल्या त्याच मुलांना परत काठी रोवायला लावली. वेळ आली १२:१८. तेव्हा ही वेळ वर्षभर मागेपुढे का होते हे सांगायला पृथ्वीचा कललेला अक्ष आणि लंबवर्तुळाकार कक्षा या गोष्टी काढल्या. सगळ्यांना कळल्या असं म्हणणार नाही, पाचसहा जणांना कळल्या.

आता पोर्शनचं. या पाठाला पाच तासिका गेल्या, म्हणून वर्षात मी असे तीनच पाठ घेतो. बाकीचं फळ्यावर, गोष्ट सांगत, कधी कधी सरळ घोकून. तुम्हाला अपराधी वाटायचं कारण नाही. नवशिक्याला दिशा न देता मोकळं सोडलं की त्याच्या डोक्यावर भार पडतो आणि शिकणं कमी होतं, असा आक्षेप किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क या शिक्षण-मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली सविस्तर मांडला आहे. पटो न पटो, माझ्या बल्बच्या तासाचं त्यात अचूक वर्णन आहे.

दुसरीकडे मध्य प्रदेशातला होशंगाबाद विज्ञान कार्यक्रम बघा. १९७२ साली सोळा उच्च प्राथमिक शाळांत (सहावी ते आठवी) सुरू झाला आणि तीस वर्षं चालला. प्रयोगाचं सामान साधं, परीक्षेला पुस्तक उघडून बसायची मुभा. मुलं पानं आणि मुळं गोळा करायची आणि जाळीदार शिरांच्या झाडाला सोटमूळ, समांतर शिरांच्या झाडाला तंतुमूळ, हे त्यांचं त्यांनाच दिसायचं. पण त्यामागे शिक्षकांची प्रशिक्षणं, महिन्याच्या बैठका आणि वारंवार तपासलेली पुस्तकं होती. २००२ मध्ये सरकारने तो बंद केला. एकट्या शिक्षकाने एका वर्गात तेवढं सगळं उभं करावं, ही अपेक्षाच अन्यायाची आहे. माझ्याकडे काठी आणि दोरी होती, मी तिथूनच सुरुवात केली.

तुम्हीही सावलीपासून करा. खर्च शून्य, फक्त तुमच्या गावचा रेखांश आधी बघून वेळ काढून ठेवा, नाहीतर मुलांबरोबर तुम्हीही चक्रावाल. शून्य सावलीचा दिवस, म्हणजे सूर्य भर दुपारी अगदी डोक्यावर येऊन काठीची सावली नाहीशी होते तो, मात्र पाठ टाचणात धरू नका. आमच्याकडे तो मेच्या दुसऱ्या आठवड्यात येतो तेव्हा सुट्टी असते, आणि ऑगस्टच्या सुरुवातीला येतो तेव्हा ढग. नऊ वर्षांत आम्हाला तो एकदाच सापडला, तोही जेमतेम दोन मिनिटं, आणि नेमकी तेव्हा खिचडीची घंटा झाली होती.