थांबत का नाही आपण?

प्रश्न: ताई, मी रोज डोंबिवलीहून सीएसएमटीला नोकरीला येते. नामवंत व्हायोलिनवादक जोशुआ बेल वॉशिंग्टनच्या मेट्रो स्टेशनात साध्या कपड्यांत वाजवत उभे राहिले आणि जवळजवळ कुणीच थांबलं नाही, हे वाचल्यापासून मन खट्टू आहे. आपण इतके बधिर झालोय का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर: खट्टू होऊ नका. १२ जानेवारी २००७, सकाळी ऑफिस गाठायची वेळ. बेल ४३ मिनिटं वाजवत होते. समोरून हजारावर माणसं गेली, त्यातली सात जण थांबली. एवढं सगळेच सांगतात. मला जास्त मोलाची वाटते ती थांबलेली माणसं. त्यांतला एक जण तरुणपणी व्हायोलिन शिकलेला होता, तो नऊ मिनिटं ऐकत राहिला. एका बाईंनी बेल यांना ओळखलं, कारण काही आठवड्यांपूर्वीच त्यांनी त्यांची मैफल ऐकली होती. उलट, लॉटरीच्या रांगेत नुसती उभी असलेली माणसं ढिम्म. त्यांना कुठे घाई होती? माझं मत असं, की घाई आडवी येतेच, पण आधीची थोडी ओळख नसेल तर मोकळा माणूसही थांबत नाही.

मी शाळेत चित्रकला शिकवायची. मुलांना व्हीटी, म्हणजे आताच्या सीएसएमटीची इमारत, दाखवायला नेलं, की आधी ती कंटाळायची. 'ही नक्षी जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांनी केलीय' म्हटलं, की माना वर व्हायच्या. मग कुणाला मोर सापडायचा, कुणाला माकड, आणि मुलं तिथून हलायला तयार नसायची! फाटकाच्या खांबांवरचे सिंह आणि वाघ तुम्ही पाहिलेत? दर्शनी भिंतीवर मुंबईत रेल्वे यावी म्हणून झटलेले आपले जगन्नाथ शंकरशेट कोरलेले आहेत, ते? फ्रेडरिक स्टीव्हन्स यांच्या आराखड्यानुसार १८७८ साली काम सुरू झालं, ते दहा वर्षं चाललं. समोरची महापालिकेची इमारतही त्यांचीच.

गाडीतल्या भजनी मंडळाचंही तेच. टाळ वाजले की कुणी इअरफोन आणखी आत खुपसतं, आणि घरी हरिपाठ ऐकत वाढलेली बाई त्याच डब्यात, उभ्या-उभ्या, ठेका धरते. तुमच्या डब्यात कुणी गात असेल, तर अभंग कुणाचा आहे एवढं विचारा. ज्याला विचारलं जातं, तो माणूस किती खुलतो! दुसऱ्या दिवशी तोच अभंग तुम्हाला गर्दीतही ऐकू येईल.

सकाळी थांबू नका, लेटमार्क लागेल. संध्याकाळी एक गाडी सोडा. रस्ता ओलांडून महापालिकेच्या बाजूला उभ्या राहा आणि फक्त शंकरशेट शोधा. बाकीची नक्षी पुढच्या वेळी. इमारतीच्या आतलं रेल्वेचं संग्रहालय तिकीट काढून पाहता येतं; कधी उघडं असतं ते आधी विचारून घ्या आणि मुलांना घेऊन जा.