ग्रू पगारवाढ देत नाही, तरी मिनियन्स त्याला सोडून का जात नाहीत?

तुमचा प्रश्न वाचून हसू आलं. हेच आमच्या अण्णांनी विचारलं होतं. अण्णा म्हणजे माझे वडील, बीड जिल्ह्यातले, जन्म ऊसतोडीची मुकादमकी करण्यात गेला. दिवाळीच्या सुट्टीत भाचा ‘डेस्पिकेबल मी’ (२०१०) बघत होता आणि अण्णा बाजेवर पडले होते. ग्रू हा त्यातला खलनायक, मिनियन्स म्हणजे त्याच्या हाताखालची पिवळी पलटण. ग्रू त्यांची सभा घेतो. स्वातंत्र्यदेवीचा पुतळा चोरला म्हणतो, तोही लास वेगासमधला छोटा! वर पगारवाढ मिळणार नाही म्हणून मोकळा होतो. तरी सगळे जल्लोष करतात. अण्णा उठून बसले. “उचल किती दिलीय रे ह्यानं?”

आमच्याकडं मुकादमाला ऊसतोड मजुरांची टोळी बांधायची तर हंगामाआधी त्यांना उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, द्यावी लागते. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाच्या वहीत तसंच लिहितात, अमुक इतके कोयते. फिटेपर्यंत माणूस बांधलेला, आणि पळाला तर ते पैसे मुकादमाच्या अंगावर. या हिशेबात ग्रू कुठंच बसत नाही.

‘मिनियन्स’ (२०१५) बघितला की अर्धं उत्तर मिळतं. त्यांना मालक लागतोच. टी-रेक्स झाला, फॅरो झाला, ड्रॅक्युला झाला, नेपोलियन झाला. सगळ्यांची वाट यांच्याच सेवेनं लावली. मग बर्फातल्या गुहेत मालकाविना राहिले तर पार मरगळले. म्हणजे निष्ठा आधीपासून होती, ग्रू नंतर आला.

पण तेवढ्यानं मन भरत नाही. ती सभा परत बघा. ग्रू गर्दीतून जाताना थांबून घरच्यांची खुशाली विचारतो. आपल्याला सगळे सारखेच दिसतात, बहुतेकांचा आवाजही एकाच माणसाचा, दिग्दर्शक पिएर कॉफिनचा. ग्रूला मात्र त्यांची नावं पाठ. त्याच्या वहीत नुसते कोयते नाहीत.

आणि पुढं बँक कर्ज नाकारते तो प्रसंग. ग्रू सरळ सांगतो, पैसा संपला, दुसरीकडं कामं बघा. तेवढ्यात त्यानं दत्तक घेतलेल्या तीन पोरींचा गल्ला पुढं येतो, आणि मागोमाग मिनियन्स आपापलं किडूकमिडूक काढून देतात. टोळीनंच मुकादमाला उचल दिली! अण्णा इथं काही बोलले नाहीत, चष्मा पुसत बसले.

ग्रूची यंत्रं बनवणाऱ्या डॉ. नेफारियोचं थोडं वेगळं. म्हातारा दुसऱ्या भागात (२०१३) दुसऱ्या खलनायकाकडं जातो, कारण ग्रू वाईट धंदा सोडून जॅम-जेली करत बसलेला. तो परत येतो, पण त्याला मी हुशार कारागीर म्हणीन, जीव लावलेला माणूस नाही.

मिनियन्स कधी जातच नाहीत, असंही नाही. तिसऱ्या भागात (२०१७) ग्रू परत वाईट धंद्याला लागत नाही म्हटल्यावर मेल नावाचा मिनियन बंड करतो आणि जवळपास सगळे चालते होतात. पैशावरून नाही, कामावरून. हा भाग भाच्यानं मुद्दाम अण्णांना दाखवला.

“जाणारच की,” अण्णा म्हणाले. “फड नसंल तर टोळी बसून काय करंल?” मग भाच्याला विचारलं, “पण दोघं-तिघं ऱ्हायले वाटतं मागं? नावं काय त्यांची?”

भाच्याला सांगता येईनात.