सातबारा काढण्यापूर्वी

प्रिय विद्यार्थिनीस,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतचे जाहिरातीचे कात्रण मिळाले. देशाला येत्या पंधरा-वीस वर्षांत तीस हजार वैमानिक लागतील, या वाक्याखाली तू दोनदा रेघ ओढली आहेस. तुला वैमानिक करण्यासाठी बाबा धानाच्या बांधीतले दोन एकर विकायला तयार आहेत, हे मात्र पत्राच्या अगदी शेवटी, जाता जाता लिहिले आहेस. मला उत्तर त्या शेवटच्या ओळीपासून द्यावे लागेल.

तीस हजारांचा आकडा पोकळ नाही. एअर इंडियाने फेब्रुवारी 2023 मध्ये 470 आणि इंडिगोने त्याच वर्षीच्या जूनमध्ये 500 विमानांची मागणी नोंदवली, तेव्हा ती उडवायला माणसे लागणारच. पण त्याच 2023 साली आपल्या देशात 1622 व्यावसायिक वैमानिक परवाने दिले गेले. त्याआधी एका वर्षात इतके परवाने कधी निघाले नव्हते. तरीही परवाना कपाटात ठेवून वडिलांच्या दुकानात बसलेली मुले मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहेत. याचे कारण असे की कंपन्यांना खरी चणचण भासते ती डाव्या खुर्चीतल्या कॅप्टनची. दोनशे तास उडालेल्या नवख्याला सहवैमानिक म्हणून उजव्या खुर्चीत बसवायचे तर शेजारी अनुभवी कॅप्टन हवा, त्याला तयार करायला सिम्युलेटर हवा आणि सिम्युलेटरवर शिकवणारा परीक्षक हवा. हे तिन्ही मिळेपर्यंत नवखा रांगेत थांबतो. थांबला तरी त्याचा खर्च थांबत नाही, कारण इन्स्ट्रुमेंट रेटिंग, म्हणजे बाहेरचे न दिसताही केवळ उपकरणांवर विमान उडवण्याची पात्रता, दरवर्षी नव्याने करून घ्यावे लागते.

छोट्या कंपन्यांना ही झळ आधी लागते. आपल्या गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळाचेच बघ. मार्च 2022 मध्ये इंदूर आणि हैदराबादला जोडणारी एटीआर या लहान, पंख्याच्या विमानाची सेवा सुरू झाली, तेव्हा गावोगावची माणसे ट्रॅक्टर घेऊन विमान पाहायला गेली होती. काही महिन्यांतच ती सेवा बंद पडली आणि डिसेंबर 2023 मध्ये दुसऱ्या कंपनीने हैदराबादचा मार्ग पुन्हा सुरू केला. लहान शहरांना विमानाने जोडणाऱ्या केंद्राच्या उडान योजनेवरील, सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगच्या 2023 च्या अहवालात तिसऱ्या टप्प्यापर्यंतचा हिशेब आहे. 774 मार्ग दिले गेले, त्यांपैकी 371 सुरू झाले, तीन वर्षांची सरकारी सवलतीची मुदत 112 मार्गांनी पूर्ण केली आणि सवलत संपल्यावर मार्च 2023 पर्यंत 54 टिकले. प्रवासी, इंधन, विमानांची उपलब्धता अशी त्याची अनेक कारणे आहेत, पण मी जे जवळून पाहिले ते सांगतो. छोटी कंपनी एटीआरवर एखाद्याला दोन-तीन वर्षे घडवते आणि तो कॅप्टन होण्याच्या बेतात आला की मोठी कंपनी त्याला उचलते. सहा महिन्यांची, कॅप्टनसाठी वर्षाची नोटीस असा नियम आहे खरा, परंतु नोटिशीने माणसाचे जाणे लांबते, थांबत नाही. अमेरिकेतील ग्रेट लेक्स एअरलाइन्स ही लहान गावांना जोडणारी जुनी कंपनी मार्च 2018 मध्ये बंद झाली, त्यामागे वैमानिक न मिळणे हे मोठे कारण होते.

अमेरिकेचा विषय निघालाच आहे, तर एक गोष्ट तुझ्या थेट उपयोगाची आहे. 2009 साली बफेलोजवळ एका प्रादेशिक विमानाचा अपघात झाला. त्यानंतर 2013 पासून तिथे प्रवासी विमानात सहवैमानिक म्हणून बसायलाही साधारणपणे 1500 तास लागतात. त्याने टंचाई वाढली, ही ओरड खरी आहे. पण तास भरून काढण्यासाठी तिथली मुले एक-दोन वर्षे प्रशिक्षक म्हणून काम करतात, त्यामुळे शाळांना शिकवणारे मिळत राहतात. आपल्याकडे दोनशे तासांवर थेट एअरबससारख्या मोठ्या विमानाची वाट मोकळी असल्याने कोणालाच शिकवायचे नसते. उड्डाणशाळेतली नोकरी म्हणजे कंपनीचा फोन येईपर्यंतचा थांबा, असेच सगळे समजतात.

मी ज्या संस्थेत काही वर्षे काढली, तिचे नाव लिहीत नाही. तिथे नवी विमाने आली, वातानुकूलित वर्ग झाले, वसतिगृहाला रंग लागला आणि त्याच हिवाळ्यात आमचे दोन प्रशिक्षक एका महिन्याच्या अंतराने निघून गेले. सकाळचे स्वच्छ आकाश, हँगरबाहेर उभी विमाने आणि कडुनिंबाखाली बसलेली, पूर्ण शुल्क भरलेली मुले, हे दृश्य मी तीन महिने पाहिले. प्रशिक्षणात गुंतवणूक करायची म्हटले की लोक विमाने मोजतात, कारण उद्घाटनाच्या छायाचित्रात विमान दिसते. अमरावतीला बेलोरा येथे एअर इंडियाने 34 प्रशिक्षण विमानांची आणि वर्षाला 180 वैमानिक घडवण्याची शाळा जाहीर केली. विदर्भासाठी ही आनंदाचीच बाब आहे. तरी तिथे जागा मिळत असेल, तर माझा पहिला प्रश्न प्रशिक्षक किती आणि ते किती वर्षे टिकतात, हाच असेल.

शाळा पारखण्यासाठी एक साधा हिशेब करावा. एक विमान दिवसाला चार तास उडाले आणि महिन्यात वीस दिवस हवामानाने साथ दिली, तर ऐंशी तास होतात. त्या विमानामागे दहा विद्यार्थी असतील, तर प्रत्येकाच्या वाट्याला महिन्याला आठ तास येतात आणि दोनशे तासांना पंचवीस महिने लागतात. यात पावसाळा, ठरावीक तासांनंतरची तपासणी आणि मे महिन्यातली दुपार धरलेली नाही. आपल्या उन्हात हवा इतकी विरळ होते की लहान विमान धावपट्टी संपत आली तरी जमीन सोडायला नाखूश असते. तेव्हा एखादा संचालक वर्षभरात परवाना म्हणाला, तर विमाने आणि विद्यार्थी यांची संख्या लेखी माग.

दुसरी पारख कुंपणाबाहेरूनच होते. पहाटे जाऊन उभी राहा आणि उड्डाणापूर्वीची तपासणी बघ. पंखातल्या टाकीतून विद्यार्थी पारदर्शक पेल्यात थोडे इंधन काढतो. सेस्ना या छोट्या प्रशिक्षण विमानाचे पेट्रोल निळसर असते, आणि त्यात पाणी असेल तर तळाशी वेगळा थेंब बसतो. चांगला प्रशिक्षक तो पेला स्वतः उजेडात धरतो आणि विद्यार्थ्यालाही धरायला लावतो. जिथे विद्यार्थी न बघताच पेला झटकून देतो आणि कोणी हटकत नाही, त्या शाळेत बाबांचा पैसा जाऊ देऊ नकोस.

आता पैशाचे. परवान्याला पन्नास लाखांच्या आसपास लागतात आणि टाइप रेटिंगचा, म्हणजे एका ठरावीक जातीचे विमान उडवण्याच्या पात्रतेचा, खर्च वेगळा. बँक शेतीच्या तारणावर कर्ज द्यायला का कचरते, असे बाबांनी विचारले होते. थकलेली कर्जे वसूल करण्याच्या सरफेसी कायद्यातून शेतजमीन वगळलेली आहे, त्यामुळे बँकेला ती न्यायालयाबाहेर जप्त करता येत नाही आणि म्हणून ती अकृषक प्लॉट किंवा पक्के घर मागते. त्यांना सांग की बँकेचा हा नकार त्यांच्या फायद्याचा आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत व्यावसायिक वैमानिक परवान्याचा समावेश आहे. तुला ती लागू होत असेल, तर समाजकल्याण किंवा आदिवासी विकास कार्यालयात आधी जा.

खर्चाचा क्रमही उलटा लाव. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित तुझे आहेच. प्रथम वैमानिकांसाठीची वर्ग दोनची आणि लगेच वर्ग एकची वैद्यकीय तपासणी करून घे. आपल्या भागात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे वाहक घरोघरी आहेत, म्हणून ती रक्ततपासणी आधीच करून अहवाल डॉक्टरांसमोर ठेव. त्यानंतर घरी बसून नेव्हिगेशन, हवामानशास्त्र आणि नियमांचे पेपर दे. उत्तीर्ण व्हायला 70 टक्के लागतात. इथवरच्या खर्चाला जमीन विकावी लागत नाही आणि तुझी चिकाटी किती आहे, ते तुलाच कळते.

परवाना मिळाल्यावर कंपनीचा फोन आला नाही, तर सहायक प्रशिक्षकाचे रेटिंग घे. तास वाढतील, थोडे उत्पन्न येईल आणि दुसऱ्याला शिकवताना स्वतःच्या चुका जितक्या स्पष्ट दिसतात तितक्या एरवी दिसत नाहीत. एटीआरची नोकरी मिळाली तर ती कमी प्रतीची मानू नकोस. छोट्या धावपट्ट्यांवर दिवसातून चार-सहा वेळा उतरणाऱ्याचा हात लवकर बसतो.

धान घरात आले की बाबांना घेऊन ये. येताना वैद्यकीय अहवाल आण. सातबारा तूर्त तलाठ्याकडेच राहू दे.

तुझा,
काका