औषध जाताना अंग गरम होईल, हे आधी सांगा

नांदेडला सीटी स्कॅन विभागात चार वर्षे काम केल्यानंतर इंग्लंडला रेडिओग्राफर म्हणून यायचे आहे, तर यंत्राखेरीज काय शिकून यावे, असे तुम्ही विचारले आहे. नोंदणी, इंग्रजीची परीक्षा आणि व्हिसा यांची माहिती एचसीपीसी (रेडिओग्राफरांची नोंदणी करणारी येथील संस्था) आणि येथील सरकार व्यवस्थित देतात, म्हणून ती पुन्हा लिहीत नाही. मी मूळची उदगीरची. लातूरला सहा वर्षे काम करून येथे आले आणि तुमचा प्रश्न वाचल्यापासून लातूरचेच दिवस डोळ्यांसमोर येत आहेत.

कागदपत्रांविषयी एवढेच सांगते की महाविद्यालयाकडून विषयवार तासांचा तपशील सहीशिक्क्यानिशी आजच मागायला लागा. माझ्या वेळी त्या एका कागदासाठी माझा धाकटा भाऊ एसटीने सात वेळा गेला. कागद कोठे अडला आहे, कोणाची सही राहिली आहे, पुन्हा कधी यावे, यांपैकी एकही गोष्ट त्याला खिडकीवर कोणी सांगितली नाही. ‘साहेब नाहीत’ एवढेच उत्तर मिळत राहिले आणि अकरा महिने गेले. त्याचा राग मला अजून आहे. परंतु आमच्या केंद्राच्या बाकावर औसा, निलंगा, अहमदपूरहून पहाटे निघून आलेली माणसे बसलेली असत, त्यांनाही आम्ही याहून अधिक काही सांगत नव्हतो, हे फार उशिरा माझ्या लक्षात आले.

यंत्रे येथेही तीच आहेत. फरक आहे तो रुग्णाशी बोलण्यात, आणि त्याची सुरुवात नावापासून होते. केट ग्रेंजर या डॉक्टर कर्करोगाने आजारी असताना, आपल्यावर उपचार करणाऱ्यांपैकी अनेक जण स्वतःचे नावही सांगत नाहीत हे त्यांना जाणवले आणि २०१३ मध्ये त्यांनी ‘हॅलो, माय नेम इज’ ही मोहीम सुरू केली. २०१६ मध्ये त्या गेल्या, पण ती सवय येथे रुजली. रुग्णाची ओळख पटवण्याची पद्धत लेखी असलीच पाहिजे, असे येथील किरणोत्सर्गविषयक २०१७ चे नियम सांगतात. प्रत्यक्षात आम्ही नाव, जन्मतारीख आणि पत्ता रुग्णाच्याच तोंडून वदवून घेतो. ‘तुम्ही जाधव ना?’ असे विचारायचे नाही, कारण कमी ऐकू येणारा किंवा घाबरलेला माणूस कशालाही ‘हो’ म्हणतो. एका सकाळी दोन जाधव आणि तीन शेख रांगेत असणाऱ्या आपल्या केंद्रांत तर ही पद्धत अधिकच हवी.

गरोदरपणाचा प्रश्न येथे एकांतात विचारतात. आपल्याकडे तो सासूसमोर विचारला जातो, आणि मग मिळालेल्या उत्तरावर विश्वास ठेवता येत नाही.

मंगळसूत्राचे मात्र मला येथे कोणी शिकवले नाही. छातीच्या एक्स-रेसाठी आम्ही बायकांना ते दातांत धरायला सांगत असू आणि एमआरआयपूर्वी मंगळसूत्र व जोडवी ‘काढा, काढा’ म्हणून ओरडत असू. नवरा आजारी असताना ते गळ्यातून काढावे लागले म्हणून रडलेली एक बाई मला आठवते, आणि मी तेव्हा घड्याळाकडे पाहत होते. आत मोठे चुंबक असते, धातू ओढला जाऊ शकतो किंवा तापून भाजू शकते, म्हणून हे सुनेच्या हातात द्या आणि बाहेर आल्याबरोबर घाला, एवढे बोलायला अर्धे मिनिटही लागले नसते.

एकटेपणाविषयीही तुम्ही विचारले आहे. तो असतो, आणि पाळ्यांच्या कामात दिवस निघून जातात; त्यावर अधिक लिहीत नाही.

आता जे सांगायचेच होते ते. मी येथे आल्यानंतर तिसऱ्या वर्षी गावाकडे माझ्या आईच्या पोटाचा कॉन्ट्रास्ट देऊन सीटी स्कॅन झाला. आयोडीनचे ते औषध शिरेतून गेले की घशात आणि सर्वांगात ऊब पसरते आणि लघवी झाल्यासारखे वाटते, हे तुम्हाला ठाऊक आहे. तिला कोणीही सांगितले नव्हते. आपण परपुरुषांसमोर लुगडे ओले केले असे समजून ती घरी येईपर्यंत भावाशी बोलली नाही, आणि चार दिवसांनी फोनवर, घरात कोणी नाही याची खात्री करून, तिने ते मला दबक्या आवाजात सांगितले. मी तिला औषधाचा गुण समजावला. लातूरला सहा वर्षे इंजेक्टरचे बटण मीच दाबत होते आणि हे मी कधी कोणाला सांगितले नव्हते, ही गोष्ट मात्र मी तिला सांगू शकले नाही. ‘तू तिथल्या बायांना आधी सांगतीस का?’ असे तिने विचारले. मी ‘हो’ म्हणाले, आणि ते खरेही होते.

म्हणून व्हिसाची वाट न पाहता उद्याच्या पहिल्या रुग्णापासून, टेबलाजवळ थांबून सांगा: “मावशी, औषध जाताना अंग गरम होईल, लघवी झाल्यासारखी वाटेल, पण ती झालेली नसते. मिनिटभरात जाईल. हात फार दुखला किंवा सुजला तर लगेच आवाज द्या, मी काचेपलीकडेच आहे, मला ऐकू येतंय.”