कव्हर घातलेली कादंबरी

"मॅडम, असली पुस्तकं वाचून बाईमाणूस बिघडतं का?"

माझ्याकडं समुपदेशनाला आल्यावर हा प्रश्न कधी नवरा विचारतो, कधी सासू. यावेळी वाचणारीच विचारत होती. (तिच्या परवानगीनं लिहितेय, ओळखीचे तपशील बदललेत.)

वय ४७. नवऱ्याचं कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप, मुलगा पुण्याला नोकरीत. पिशवीतून तिनं पुस्तक काढलं. त्याला जुन्या कॅलेंडरच्या पानाचं कव्हर, कोरी बाजू वर. आत एका परदेशी कादंबरीचा मराठी अनुवाद: संसारातली बाई परगावी जाते, प्रेमात पडते, स्वतःला नव्यानं ओळखू लागते. १८५० सालच्या आपल्या करवीर नगर वाचन मंदिरातून राजरोस आणलेलं पुस्तक घरी मात्र तांदळाच्या डब्यामागं.

"ह्यांना झोप लागली की वाचतो मी," ती म्हणाली. कोल्हापुरात बायकाही 'वाचतो', 'जातो'च म्हणतात.

मी पहिलाच प्रश्न चुकीचा विचारला. "कुणी आवडायला लागलंय का?" तिचा चेहरा उतरला. इतकी वर्षं या खुर्चीत बसूनही मी तिथंच घसरते. बाईला कसली ओढ लागली म्हटलं, की आधी पुरुष शोधायचा!

मग म्हटलं, आवडलेलं पान दाखवा. शृंगाराचंच निघणार, अशी माझी खात्री. निघालं भलतंच. नायिका लॉजवर एकटी आहे, नाश्त्याला काय मागवू असं पोऱ्या विचारतो आणि तिला सांगता येत नाही. त्या ओळीखाली पेन्सिलीची बारीक रेघ.

"मलाबी न्हाई सांगता येत. ह्यांना मिसळीचा कट जाळ लागतो, पोराला मध्यम. मला काय लागतं?"

शरीराचा विषय निघायला तिसरी भेट उजाडली. 'वासना' हा शब्द तिला शिवीसारखा वाटे, 'संबंध' दवाखान्यातला. अनुवादातला 'ओढ' तिनं उचलला आणि नायिकेच्या परक्या नावाआडून बोलू लागली. दोन-तीन वर्षं जवळ येणं दुखत होतं, म्हणून ती टाळत होती आणि इच्छाच मेली असं समजत होती. पाळी जाण्याच्या काळात इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी होतं, कोरडेपणा येतो, त्यावर उपाय आहेत. मी तिला स्त्रीरोगतज्ज्ञाकडे पाठवलं. शिवाय कित्येक जणींना इच्छा आधी होतच नाही, जवळीक सुरू झाल्यावर जागी होते. हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. र. धों. कर्वे १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिकातून असलं उघडपणे छापत होते, म्हणून माझी जास्तच चिडचिड होते.

बिघडण्याचं म्हणाल, तर मनात आलेली कल्पना म्हणजे घेतलेला निर्णय नव्हे. ती कुठं पळून निघाली नव्हती. तिला नवऱ्याशीच बोलायचं होतं. समोरासमोर बसून जमणार नाही, रंकाळ्यावर चालता चालता बोला, असं सुचवलं. तो आधी म्हणाला, "म्हणजे माझंच चुकलं म्हण की!" दोन दिवस गप्प. तिसऱ्या दिवशी विचारलं, "डॉक्टरकडं मी पण येऊ काय?"

शेवटच्या भेटीला ती वाचनालयात पुस्तक परत करूनच आली. कव्हर काढलं होतं.

"आणि ती रेघ? खोडली?"

"ऱ्हाऊ दे की. पुढच्या बाईला घावंल."